सहीची पहिली आवृत्ती म्हणून ३१,८५० रुपयांना फसवलं

आगाऊ ९,५००, नंतर २२,०००, वर कुरिअरचे ३५०. एकूण ३१,८५० रुपये. घरी हा आकडा सांगताना मान वर होत नव्हती. तरी लिहितोय, कारण तो माणूस अजून विकतोच आहे.

पुस्तक म्हणजे धनंजय कीरांचं इंग्रजी आंबेडकर चरित्र. पहिली आवृत्ती १९५४ ची, म्हणजे बाबासाहेब हयात असताना निघालेली, आणि आत कीरांची सही. पुनर्मुद्रणं हवी तेवढी मिळतात, ही मिळत नाही. विक्रेता व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा. गिरगावातली चाळ पाडायला काढलीय, आजोबांचा संग्रह द्यायचाय, पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन आजच टाका... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्याने पाठवलेल्या फोटोतच सगळं होतं हो! पुस्तकाच्या कागदी वेष्टनाच्या (जॅकेटच्या) आतल्या घडीवर छापील किंमत, रुपयांपुढे टिंब आणि पैसे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. १९५४ च्या पुस्तकावर रुपये-आणे हवेत. हे मला झोपेतही सांगता येतं, आणि मी फोटो मोठा करून सही न्याहाळत बसलो. आजही तो फोटो उघडला की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मी काही नवखा नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, माटुंग्याला किंग्ज सर्कलला वर्षानुवर्षं जुनी पुस्तकं चाळलीत. जुन्या प्रतीवर नंतरच्या छपाईचं वेष्टन चढवलेलं असतं, हेही पाहिलंय. तसंच असेल असं वाटलं, यात माझं काय चुकलं? प्रत हातात असती तर तिथल्या तिथे पकडली असती. म्हणून सांगतो, शीर्षकपानाची मागची बाजू आणि शिवणीचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की विषय संपवा. ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ कुणीही छापतो.

हातात आली ती १९६२ ची दुसरी आवृत्ती. शीर्षकपान कापून तिथे जुन्या कागदावर छापलेलं पान डकवलेलं. शिशाच्या खिळ्यांनी केलेल्या जुन्या छपाईच्या पानावर मागून बोट फिरवलं तर दाब जाणवतो, हे पान गुळगुळीत. भिंगाखाली सहीचे रंगीत ठिपके झाले. पेनाची रेघ अशी फुटत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला. तुम्हीही पहिल्या तासातच करा. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात तर, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” आणि “रद्दीच्या पुस्तकाला एवढे पैसे?” म्हणून शेजारचा हसला. मग म्हणे ही दिवाणी बाब. खोटं पान डकवून, सही छापून विकणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ कलम कशाला ठेवलंय? पैसे गेले ते खातं समोर आहे, मोबाइल नंबर चालू आहे, चॅट छापून दिलंय. एक फोन लावायला काय जातं यांचं? उलट मलाच सांगतात, सही खोटी असल्याचं तज्ज्ञाचं पत्र आणा. ते कोण देतं, हे मात्र सांगत नाहीत.

पुस्तकावरच्या जुन्या मालकाच्या शिक्क्याकडेही बघा. १९५० च्या दशकातल्या तारखेच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो बनावट, कारण पिनकोड १९७२ चा.

आता त्याच माणसाने इतिहासकार रियासतकार सरदेसाईंच्या सहीचा खंड काढलाय, १८,००० ला. सहीखाली साल १९६१. सरदेसाई २९ नोव्हेंबर १९५९ ला गेले. कुणाचं बोलणं चालू असेल तर टोकन पाठवू नका.