पी ०८ चं होल्स्टर: शिक्का शेवटी वाचा

लुगरचं, म्हणजे पी ०८ पिस्तुलाचं जुनं जर्मन लष्करी होल्स्टर (कमरपट्ट्याला अडकवायचं चामडी म्यान) हाती आलं की बहुतेक जण ते उलटं करून आधी पाठीवरचा शिक्का वाचतात. नेमकी तीच गोष्ट खोटी करायला सगळ्यात स्वस्त पडते: एक ठसा, एक हातोडा, झालं काम. चामडं, दोरा आणि झीज यांची नक्कल करणं त्यामानाने फार कठीण. तपासणी तिथून सुरू करावी.

वस्तू म्हणून हे होल्स्टर पैकीच्या पैकी गुणांचं. साच्यावर घडवलेलं जाड, कडक चामडं, वर मोठं झाकण, झाकणाची पट्टी बकलात अडकते. पुढच्या कडेला ८ गोळ्यांच्या जादा मॅगझिनचा खिसा, पाठीला कमरपट्टा ओवायला दोन लूप, आणि आत एक ओढपट्टी. ती खेचली की पिस्तूल वर सरकतं. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा कप्पा असतो. स्क्रू फिरवायला आणि मॅगझिन भरायला उपयोगी पडणारं एक चपटं हत्यार त्यात बसतं. हा कप्पा दिसला नाही तर थांबा. पी ३८ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाला हे हत्यार लागत नाही, आणि त्याची होल्स्टरं ‘लुगरचं’ म्हणून सर्रास खपवली जातात.

आता चामडं. दुसऱ्या महायुद्धातल्या काळ्या होल्स्टरचा रंग बाहेरूनच दिलेला असतो. आतली बाजू तपकिरीच राहते. आतूनही काळंभोर असेल तर संशय घ्या. भिंगाखाली कापलेली कड पाहा. झाडाची साल, हिरडा अशा वस्तूंत कमावलेल्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. गाभा निळसर-करडा दिसला तर ते क्रोमने कमावलेलं आहे आणि माल बहुधा नवा आहे. पहिल्या महायुद्धातली होल्स्टरं मात्र मुळात तपकिरी होती आणि त्यातली बरीच पुढे काळी रंगवली गेली. त्यामुळे १९१६ चा शिक्का आणि काळा रंग एवढ्यावरून होल्स्टर खोटं ठरत नाही. लूपच्या आत डोकावलं की जुना तपकिरी रंग सापडतो.

दोरा सगळ्यात प्रामाणिक. जुनी शिवण मेण लावलेल्या अळशीच्या, म्हणजे लिननच्या दोऱ्याची. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा: आधुनिक कृत्रिम धागा बहुतेकदा निळापांढरा चमकतो, जुना मंद राहतो. एकच शिवण चमकली तर ती दुरुस्ती. सगळं होल्स्टर चमकलं तर नक्कल. सुटलेलं टोक असेल आणि विकणाऱ्याची परवानगी असेल तर ते जाळून पाहा. लिननची राख होते, नायलॉनचा मणी होतो.

झीज योग्य जागी हवी. बनावट झीज दर्शनी भागावर सॅंडपेपरने आणलेली असते. लूपच्या आत पट्टा घासून आलेली चकाकी आणायला कोणी बसत नाही. आतल्या बाजूला पिस्तुलाच्या वरच्या दोन गोल बोंडांचे दाबही शोधा.

हे सगळं जमलं की मग शिक्का. कारखान्याचं नाव, गाव आणि साल ही जुनी पद्धत. नावाऐवजी मारलेले अक्षरी संकेत १९४० पासूनचे, म्हणून तीन अक्षरी संकेत आणि १९३८ साल एकत्र दिसलं की विषय संपला. उलटा नियम लावू नका: काही कारखान्यांनी १९४१ मध्येही पूर्ण नावच मारलं आहे. गरुड आणि वाफनाम्टचा (जर्मन सैन्याच्या शस्त्र-तपासणी खात्याचा) क्रमांक असलेला तपासणीचा शिक्का माल नवा असताना बसायचा. म्हणजे ओरखडे शिक्क्यावरून जायला हवेत. शिक्का ओरखड्यांवर बसलेला असेल, किंवा त्याच्या खोलगट भागात कोरे फिकट तंतू दिसत असतील, तर तो नंतर ठोकलेला आहे. अस्सल पण बिनशिक्क्याच्या होल्स्टरवर असे शिक्के मारून भाव वाढवतात; हा प्रकार नकलेपेक्षा जास्त फसवतो.

नकला भारतातूनही जातात आणि त्यात कानपूरचा वाटा मोठा. तिथे खोगीर-लगामाचा सरकारी कारखाना १८६० च्या दशकातला, त्यामुळे हात तयार आहेत. नाटक-सिनेमासाठी किंवा युद्धप्रसंग उभे करणाऱ्यांसाठी हा माल उत्तम. तक्रार फक्त ‘जुना’ म्हणून विकणाऱ्यांशी.

घ्यायचंच असेल तर ओढपट्टी तुटलेलं, बकल गंजलेलं पण शिवण मूळची असलेलं होल्स्टर घ्या. नव्याने शिवलेल्या चकचकीत नमुन्यापेक्षा ते कधीही बरं. घरी आल्यावर खोबरेल किंवा बूटपॉलिश लावू नका. तेलाने चामडं काळवंडतं, मऊ पडतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीला आमंत्रणच. पितळी भागाभोवती हिरवं मेणचट काही साचलं असेल तर लाकडी काडीने खरवडा. आकार टिकायला आत धुतलेलं मांजरपाट सैल भरा. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून बदला.