कुपवाडच्या फायबर शेडमधला लाँगबोर्ड: कापड झकास, वजनाकडे लक्ष ठेवा

आंबा घाट उतरल्याशिवाय लाट दिसत नाही, तरी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फायबर शेडमध्ये सर्फिंगचा लाँगबोर्ड ऑर्डरप्रमाणे करून मिळतो, तोही आत सुती कापड बसवून. एरवी तिथे टाक्या आणि गाड्यांचे बंपर बनतात, त्यामुळे लॅमिनेशनला, म्हणजे रेझिन आणि काचकापडाचे थर चढवायला, हात बसलेला आहे. आकार देण्याचं काम मात्र त्यांच्यावर सोडू नका, घासून तयार केलेला ब्लँकच, म्हणजे बोर्डचा फोमचा गाभा, नेऊन द्या. ९ फूट २ इंच लांब, पावणेतेवीस इंच रुंद, ३ इंच जाड हे माप पावसाळ्यानंतरच्या बुटक्या लाटांना चांगलं.

ब्लँक पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा हवा. थर्माकोलच्या जातीचा ईपीएस दिलात तर पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन तो खाऊन टाकतं. त्याला इपॉक्सीच लागतं आणि या शेडला इपॉक्सीची सवय नाही. टाकीसाठीचं रेझिनही नको. कोबाल्टमुळे ते गुलाबीसर असतं, कापडाचा पांढरा भाग मळकट दिसतो. पाण्यासारखं स्वच्छ, यूव्ही स्टॅबिलायझर घातलेलं रेझिन ठरवून घ्या. चॉप्ड मॅटला, म्हणजे काचतंतूंच्या तुकड्यांच्या चटईला, सरळ नाही म्हणा. विणलेलं ६ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं ग्लास क्लॉथ लागतं: वर दोन थर, खाली एक.

कापडासाठी सगळ्यांना खणाचा मोह होतो. पण बाजारातला बराच खण आता सिंथेटिक धाग्याचा असतो. त्यात रेझिन मुरत नाही आणि जरीखाली हवा अडकून चंदेरी ठिपके राहतात. पातळ, शंभर टक्के सुती छापील कापड घ्या; एका बाजूला ३ मीटर पुरतं. दोनदा गरम पाण्यातून काढून खळ घालवा, सॉफ्टनर टाळा, कडक इस्त्री करा. एक तुकडा आधी रेझिनमध्ये भिजवून पाहायचाच. रंग सुटतो का ते कळतं, आणि भिजल्यावर जे दिसतं तेच कायम राहतं: गडद रंग आणखी गडद होतो, फिका इतका पारदर्शक होतो की फोमच्या मधोमध असलेली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, आणि पेन्सिलच्या खुणासुद्धा वर दिसतात. म्हणून खुणा आधी पुसायच्या.

कापड वरच्या बाजूला लावायचा आग्रह आम्हाला पटत नाही. पाय घसरू नये म्हणून मेण घासलं की नक्षी संपली. शिवाय गडद कापड उन्हात तापतं आणि फोमवरचा थर फुगून सुटतो. खालच्या बाजूला लावा.

कामाची खरी कसोटी कडेला लागते. फोमवर मास्किंग टेपने रेषा आखतात, कापड पसरतात, रेझिन ओतून मधून बाहेर स्क्वीजी (रबरी पट्टी) ओढतात. कापड जोरात ओढलं तर डिझाइन तिरकं होतं. रेझिन चामड्यासारखं झालं की धारदार ब्लेडने टेपवरून कापायचं. आधी कापलं तर धागे ओढले जातात, उशीर झाला तर कड तडकते. इथली कापणी सुबक आहे. त्यावर ग्लास क्लॉथ येतं, म्हणजे पुढे पॉलिश पेपर चुकून खोल गेला तरी नक्षी वाचते. कापड पाव किलोच्या आसपास जादा रेझिन पितं, तेवढं वजन गृहीत धरा.

कडेवरची बारीक रेषा, पिनलाइन, ते नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून ओढून घेतात. हात सुरेख, पण रंग अ‍ॅक्रिलिकच वापरायला लावा. ऑइल पेंटवर ग्लॉस कोट, म्हणजे शेवटचा चकचकीत रेझिनचा थर, चढवला की सुरकुत्या येतात.

एप्रिल-मेमध्ये ऑर्डर देणार असाल तर लॅमिनेशन सकाळी लवकर करायला सांगा आणि हार्डनर १ टक्क्याच्या जवळपास ठेवा. दुपारी २ टक्के घातलं तर स्क्वीजी टोकापर्यंत पोचायच्या आत रेझिन जेली होतं.

दोन तक्रारी. साडेदहा इंची फिन बॉक्स, म्हणजे बोर्डखालचा फिन (पंख) अडकवायची खाच, हातराउटरने बसवतात, स्ट्रिंगरशी समांतर आहे का ते दोरी धरून तपासा, कारण वाकडा बसला तर बोर्ड एका बाजूला ओढतो. आणि कोटेशन किलोवर देतात. टाकीला ते ठीक, बोर्डला नाही: रेझिन जितकं जास्त, तितकं बिल मोठं आणि बोर्ड जड. ठोक भाव ठरवा, कमाल वजन ८ किलो असं बिलावर लिहून घ्या.