वर्डल, स्क्रॅबल की सात अक्षरांचा खेळ? आठवीतल्या पोरासाठी काय निवडावं

सेमी इंग्रजीतल्या पोरांची अडचण ठरलेली. व्याकरणाचे नियम तोंडपाठ, पण लिहायला बसलं की शब्द आठवत नाही आणि आठवला तर स्पेलिंगपाशी घोडं अडतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासची कमी नाही, पण सुट्टीतही क्लासच लावायचा तर पोरगं इंग्रजीचं नाव काढू देणार नाही. त्यापेक्षा अक्षरांचे खेळ बरे. आता त्यातला कुठला, एवढंच ठरवायचं.

फुकट आणि सोपा म्हणून आधी वर्डल. पाच अक्षरी एक शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर योग्य जागी असलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसलं तर करडं. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरचा हा खेळ २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी सुमारे बारा हजार पाच अक्षरी शब्दांतून ओळखीचे तेवढे वेचले आणि उत्तरं त्यांतूनच आली. त्यामुळे पोराला भलतासलता शब्द सहसा भेटत नाही.

वर्डलमध्ये शिकायला मिळते ती अक्षरांची जागा. समजा शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली. आता पुढे ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी यांतलं काहीही बसतं: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. एकेक करत बसलात तर संधी संपल्या. हुशार खेळाडू अशा वेळी मुद्दाम ‘फिल्म्स’ टाकतो आणि एफ, एल, एम, एस या चारही अक्षरांचा एका फटक्यात निकाल लावतो. हार्ड मोड चालू असेल तर मात्र हे जमत नाही, सापडलेली अक्षरं वापरावीच लागतात. असा विचार करणारं पोरगं जी-एच कधी विसरेल असं वाटत नाही. पण दिवसाला शब्द एकच. पाच मिनिटांत खेळ आटोपतो आणि मोबाईल हातातच राहतो. तिथून रील्स किती लांब, ते तुम्हीच बघा.

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर मांडून शब्द जुळवायचे आणि गुण मिळवायचे. त्याला पैसे पडतात आणि समोर माणूस लागतो. माझ्या लेखी हाच त्याचा मोठेपणा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकारानं १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं. म्हणून ई च्या टाइल्स १२, तर क्यू आणि झेड एकेकच, दहा-दहा गुणांच्या. स्वस्तातला सेट घेणार असाल तर दुकानातच टाइल्स मोजा. दोन कोऱ्या धरून शंभर भरल्या पाहिजेत.

स्क्रॅबलची खोड म्हणजे चिल्लर शब्द. क्यू-आय, एक्स-यू, झेड-ए असले दोन अक्षरी शब्द पाठ करून पोरं गुण मिळवतात, पण पेपरात त्यांचा उपयोग शून्य. कॉलिन्सच्या यादीत, म्हणजे स्क्रॅबलसाठी मान्य शब्दांच्या यादीत, असे दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. म्हणून घरचा नियम करा: अर्थ सांगता आला तरच शब्द चालेल. आजोबांनाही हाच नियम.

तिसरा स्पेलिंग बी. सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, शब्द किमान चार अक्षरी, अक्षरं कितीदाही वापरा. न्यूयॉर्क टाइम्सच्या ॲपवर फुकट थोडंच खेळता येतं, पुढे वर्गणी. ती भरू नका, वहीवर मांडा. पी, एल, ए, एन, टी, ई, डी घ्या आणि एल मधे ठेवा. प्लँट, पॅनल, पेडल, पेटल, प्लॅनेट, डेंटल निघतात आणि सातही अक्षरं वापरणारा ‘प्लँटेड’ कुणाला सापडला की लई आरडाओरडा होतो. शेवटी ई-डी लागून शब्द कसा वाढतो, ते इथे आपोआप कळतं.

माझा कौल स्क्रॅबलला, घरात रोज तासभर बसणारं कुणी असेल तर. दोघंही नोकरीला जात असाल तर वहीतली सात अक्षरं पुरेत. सकाळी मांडून जा, संध्याकाळी तपासा. वर्डल जेवणानंतर, आईच्या फोनवर.

अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणाऱ्या साइट्स खेळ संपेपर्यंत बंद. डिक्शनरी पहिल्या अक्षरानं लावलेली असते, त्यामुळे दुसरं आणि पाचवं अक्षर माहीत असून तिथे काही सापडत नाही. या साइट्सवर मात्र ते क्षणात सापडतं. खेळ झाल्यावर राहून गेलेले शब्द बघायला त्या झकास. आणि वाद झाला तर कुठली डिक्शनरी मानायची ते पहिली टाइल ठेवण्याआधीच ठरवा, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन याद्या सारख्या नाहीत. आमच्याकडे पोराच्या दप्तरातली डिक्शनरी चालते. त्यात नाही तो शब्द बाद.