मेलेला गेम, संत्र्याचं पाणी आणि एक एसएमपीएस: 'द क्रू अनलिमिटेड' सहा महिने वापरल्यावर

हे लिहायचा विचार नव्हता. मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, जळाला आणि त्यातून जे झालं, त्यामुळे लिहितो आहे.

आमचं घर संत्र्याच्या बगीच्यातच आहे, मोर्शीपासून बरंच आत. घर आणि पंप एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), त्यामुळे थ्री फेज आली की व्होल्टेज माकडासारखं उड्या मारतं. त्या रात्री फट् आवाज झाला आणि जळकी वायर नाकात गेली. सकाळी डबा मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेला. दुकानदारानं नऊशे रुपयांचा एसएमपीएस बसवला आणि वरून, मी न विचारता, विंडोज नवी टाकून दिली. "फ्रीमध्ये करून दिलं भाऊ, आता मस्त पळते." सी ड्राइव्ह साफ. त्यातच माझी सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती होती, लेव्हल ४७. मी आभार मानीन म्हणून तो बघत उभा होता. मी पन्नास रुपये कमी दिले आणि निघालो.

'द क्रू' काय आहे हे वाचणाऱ्यांना माहीत असणार, म्हणून पाल्हाळ लावत नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा २०१४ चा गाड्या पळवायचा गेम, आख्खी अमेरिका छोटी करून एका नकाशात. सप्टेंबर २०१६ मध्ये तो महिनाभर फुकट वाटला होता. त्याच महिन्यात जिओचं सिम आलं आणि डेटाही फुकट. मी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर. दोन सिम लावून रात्री जागलो आणि गेम उतरवला. माझा एकूण खर्च शून्य रुपये, हे पुढच्या मताआधी सांगून ठेवतो.

गावी आणल्यावर मात्र तो गेम माझ्याकडे कधी नीट चाललाच नाही. एकट्यानं गाडी हाकायची असली तरी सर्व्हरशी जोडणी लागायचीच. आमच्याकडे लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू असायचा, पण गेम मला भर रस्त्यातून उचलून बाहेर टाकायचा. शेवटी कंटाळून आख्खं फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि ती रुमालात गुंडाळून आईच्या लोखंडी कपाटात ठेवून दिली.

डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. ज्यांनी दुकानातून डिस्क घेतली होती, त्यांच्याही हातात नुसती चकती उरली. मला फार दुःख झालं असं म्हटलं तर खोटं होईल. फुकट आलं होतं, फुकट गेलं. पण पैसे मोजलेल्यांचा संताप खरा होता. रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्यानं त्यावरूनच, विकलेले गेम असे मारू नका म्हणून, 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपातल्या अर्जानं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. पहिला भाग मात्र चाहत्यांनीच उठवला: १५ सप्टेंबर २०२५, 'द क्रू अनलिमिटेड'.

यात त्यांनी गेम वाटलेला नाही. त्यांनी बनवला तो सर्व्हर. तो आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि गेमला वाटतं की आपण फ्रान्सपर्यंत जोडलेलो आहोत. फाइली मात्र तुमच्याकडे हव्यात. माझ्याकडे होत्या, कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासासकट.

पहिल्या संध्याकाळी अँटिव्हायरसनं त्यातली एक फाइल गिळली आणि काहीच सुरू होईना. 'दोन स्टार, नादी लागू नका' असं मित्रांना कळवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी फोल्डरला सूट दिली आणि डेट्रॉइट समोर आलं. जुनी प्रगती बंद सर्व्हरबरोबरच गेली, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. कॅमारो घेतली.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी लाइन गेली. टॉवरही गेला. मी सवयीनं माउसवरून हात काढला, आता बाहेर टाकणार म्हणून. गाडी चालतच राहिली. गावात मिट्ट काळोख, फोनला एक दांडी नाही, आणि मी शिकागोच्या पुलावरून जातोय. विकत असताना जो गेम माझ्या गावात चालला नाही, तो मेल्यावर चालला. तिथेच दोनाचे साडेचार स्टार झाले.

आईचा अभिप्राय वेगळा आहे. "पंखा बंद हाय, फ्रिज बंद हाय, अन् तुह्यी मोटार काऊन चालू हाय? बॅटरी उतरून जाईन नं!" तिचं चूक नाही. जुनी बॅटरी आहे, कॉम्प्युटर लावला की दोन तासांत माना टाकते.

जानेवारीत आंबिया बहाराचा ताण (झाडं फुलावर यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी) तोडला आणि पाणी सुरू झालं. थ्री फेजची पाळी रात्रीची. दर तासाला उठून ड्रिपचा वॉल्व बदलायचा आणि मधल्या वेळात झोपायचं नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला या गेममध्ये न थांबता साधारण पाऊण तास लागतो. मला तास लागतो, कारण रॉकी पर्वतात मी रस्ता सोडून उतरतो. म्हणजे एक वॉल्व, एक अमेरिका. समुद्र दिसला की चप्पल घालायची. महिनाभर मोबाइलचा अलार्म लावला नाही.

आणि इथेच तो दोष आहे, ज्यावर मी दोन महिने कुरकुरतो आहे. लाइन गेल्याचं कळत नाही! कानात हेडफोन, इन्व्हर्टर व्हरांड्यात, खोलीतला बल्बही त्याच्यावरच. एका रात्री बाबांनी बाहेरून विचारलं, "मोटार चालू हाय का रे?" मी टेक्सासमध्ये होतो. म्हटलं, "चालू हाय." पंप कधीचाच बंद पडलेला. लाइन मधे जाऊन परत आली होती, लाइन आल्यावर पंप आपोआप सुरू करणारा स्टार्टरचा ऑटो बिघडलेला, आणि पश्चिमेकडच्या दोन ओळी कोरड्याच राहिल्या. बाबा सकाळी काही बोलले नाहीत, नुसते ड्रिपची नळी दाबून बघत बसले. जुना गेम निदान बाहेर तरी फेकायचा! गेमचा यात काय दोष, हे मला कळतं. तरी अर्धा स्टार कापला.

तक्रार आणखी एक, तीही सर्व्हर बनवणाऱ्यांवर नाही. शेजारच्या वाडीतला बारावीचा पोरगा मागे लागला आहे, मलाही दे म्हणून. सप्टेंबरात मी म्हणायचो, ज्याच्याकडे गेम आहे त्यानंच वापरावं, सरळ हिशेब. आता तो हिशेब जुळत नाही. तो पैसे द्यायला तयार आहे, पण घेणारा कुणी नाही. 'फोर्झा होरायझन ४' हा गाड्यांचाच दुसरा गेम १५ डिसेंबर २०२४ ला विक्रीतून गेला, कारण गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. पण ज्यांनी आधी घेतला ते अजून खेळतात. 'नीड फॉर स्पीड वर्ल्ड' जुलै २०१५ मध्ये बंद झाला, तोही चाहत्यांनीच स्वतःच्या सर्व्हरवर चालता ठेवला. वाडीतल्या पोरानं काय करायचं? हार्ड डिस्क अजून दिलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

सेव्हबद्दल एवढंच, की ती आता आपल्याच ड्राइव्हवर असते. आधी सर्व्हर बंद पडला म्हणून गेली, या वेळी 'फ्रीमध्ये करून दिलं' म्हणून. पेनड्राइव्हवर प्रत ठेवायला दोन मिनिटं लागतात आणि मी सहा महिन्यांत एकदाही ठेवली नव्हती. आता ठेवतो, दर रविवारी.

सध्या चार स्टार. काल पुन्हा डेट्रॉइटपासून सुरू केलं, पुन्हा कॅमारो. हेडफोन एकाच कानात घातला आहे, दुसरा कान पंपाकडे.