पॉलिमर क्लेची बटणं: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी पॉलिमर क्लेचे 50 ग्रॅमचे चार ठोकळे मागवले होते: पांढरा, गेरूचा तांबडा, हळदी आणि मोरपंखी. तेव्हापासून भेटकार्डांवर लावायला दीडेकशे बटणं केली. लिहायला मुद्दाम थांबले, पावसाळा मध्ये जाऊ द्यायचा होता.

त्याआधी मी कॉर्नफ्लोर आणि फेविकॉल शिजवून घरीच माती करायचे. स्वस्त पडते, दिसतेही छान. पण वाळताना आक्रसते. 15 मिलिमीटरचं कापलेलं बटण वाळून 13 चं व्हायचं, आणि मागच्या जुलैत डब्यातल्या उरलेल्या बटणांना बुरशी आली. पॉलिमर क्लेत पाणीच नसतं. ती पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक) आणि त्याला मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रव्याची असते, हवेवर वाळत नाही, भाजल्यावरच पक्की होते. यंदाच्या पावसात एकही बटण बिघडलं नाही.

आधी क्ले कणकेसारखी चांगली तिंबून घ्या. घाई केलीत तर कडा चिरतात. मग 2 ते 3 मिलिमीटर जाड लाटायची, वर स्वयंपाकातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म पसरायची आणि फिल्मवरूनच स्केचपेनच्या टोपणाने कापायची. कड आपोआप गोलसर येते, घासत बसावं लागत नाही. आईच्या जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा ओल्या नव्हे, कच्च्या क्लेवर दाबला तर त्याची वीण हुबेहूब उमटते. माझ्या कार्डांवर सगळ्यांना आवडतं ते हेच बटण. कापडाला आधी थोडी टाल्कम पावडर लावा, नाहीतर चिकटतं. भोकं टूथपिकने भाजण्याआधीच पाडायची.

सगळ्यात जास्त नुकसान भाजताना झालं. माझ्या क्लेच्या वेष्टनावर 130 अंश लिहिलंय (प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आपलं वाचा). ओटीजीचा (छोट्या विजेच्या ओव्हनचा) काटा मी 130 वरच ठेवला आणि पहिली सगळी पांढरी बटणं बिस्किटासारखी तपकिरी निघाली. आत साधा ओव्हन थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं, पारा 150 च्या पुढे जात होता. आता थर्मामीटर बघूनच ट्रे आत सरकवते, वर फॉइल झाकते. हा खर्च टाळू नका. क्ले खूप तापून जळली तर निघणारा धूर घातक असतो, म्हणून खिडकी उघडी हवी. ट्रे आणि लाटणंही स्वयंपाकात परत वापरू नका.

चकाकीसाठी नेलपॉलिश लावलेली सहा बटणं महिनाभरात चिकट झाली, ती फेकावी लागली. पाण्यावर आधारित व्हार्निश मात्र टिकलंय.

कार्डावर बटण चिकटवू नका, शिवा. फेविकॉल कागदाला धरतो, बटणाला नाही. दोन कार्डांवरची बटणं पाकिटातच सुटली. जाड कागदाला आधी सुईने भोकं पाडा, भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर घ्या, मागे गाठ मारून वर कागदाची पट्टी लावा. दोऱ्याचा रंग बटणापेक्षा वेगळा घेतला तर टाके उठून दिसतात. पांढऱ्या कार्डावर हळदी बटण, तांबडा दोरा: राखीच्या कार्डांसाठी सध्या हेच चाललंय.

हळदी ठोकळा संपलाय, तोच पुन्हा मागवला आहे. पांढरे दोन घेतले.