स्वतःचं दालन की फिरतं प्रदर्शन? सीमाभागातल्या चित्रकार मैत्रिणींसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चित्रं काढणाऱ्या बायका एकत्र आल्या की एका प्रश्नावर अडतात. भाड्याने गाळा घेऊन स्वतःचं दालन उघडायचं, की चित्रं घेऊन गावोगाव जायचं? या दोन्ही वाटा आधी बायकांनीच चालून दाखवल्या आहेत.

न्यूयॉर्कची ए.आय.आर. गॅलरी वीस स्त्री-कलाकारांनी १९७२ मध्ये सुरू केली, कारण तिथल्या दालनांत बायकांची चित्रं क्वचितच लागत. सभासदांनी वर्गणी भरायची, कारभार मिळून पाहायचा आणि प्रत्येकीला स्वतंत्र प्रदर्शनाची संधी द्यायची. आपल्या भिशीसारखंच हे, पाळी आली की पैशांऐवजी भिंती मिळतात. गॅलरी आजही चालू आहे. आना मेंडिएटा, काझुको मियामोतो आणि मूळच्या अलीगढच्या झरीना या कलाकारांनी १९८० मध्ये तिथेच अमेरिकेतल्या 'तिसऱ्या जगातल्या' स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन मांडलं आणि गोऱ्या स्त्रीवादाला जाब विचारला. हक्काची जागा होती, म्हणून हे घडू शकलं.

भारतीय चित्रकार नलिनी मालानी १९७९ मध्ये ही गॅलरी पाहून आल्या. त्यांनी इथे दालन काढलं नाही. नीलिमा शेख, माधवी पारेख आणि अर्पिता सिंग यांना सोबत घेऊन 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन १९८७ ते १९८९ या काळात, विक्रीच्या गॅलऱ्या टाळून, देशात पाच ठिकाणी नेलं. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती चौघींची निवड. नीलिमा शेख बडोद्यात शिकलेल्या, लघुचित्रांच्या परंपरेकडे वळलेल्या. माधवी पारेख गुजरातच्या खेड्यातल्या, कलाशाळेची पायरी न चढलेल्या. तरी चित्रं एकाच मानाने लागली. आपल्याकडे डिप्लोमा केलेली मुलगी आणि वाकळ शिवणारी मावशी अशा शेजारी कधी मांडल्या जातात?

खर्चाचं म्हणाल तर दालनाला दरमहा भाडं, वीजबिल आणि रोज दुपारी तिथे बसणारी एक बाई लागते. घर-नोकरी सांभाळून हीच बाई मिळणं सगळ्यात कठीण. फिरत्या प्रदर्शनाला टेम्पो, फ्रेमा, पॅकिंग लागतं, आणि खानापूरच्या पावसात कागदाला बुरशी धरते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच निवडा.

माझं मत स्पष्ट आहे: आधी फिरा. निपाणीची विडी वळणारी बाई चित्रं बघायला बेळगाव गाठणार नाही, पण संध्याकाळी काम उरकून गल्लीतल्या सभागृहात नक्की डोकावेल. चित्रांखालच्या पट्ट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. बघणाऱ्या दोन्ही भाषांच्या असतात. चार-पाचजणीच असा, मात्र वर्गणी आणि मिळून ठरवण्याचा नियम ए.आय.आर.कडून पहिल्या दिवसापासून घ्या. कुणाचा वाडा बिनभाड्याने मिळत असेल आणि पंधरा-वीसजणी पाळीने बसायला तयार असतील, तर मात्र थांबू नका, दालनच उघडा.