नाशिक–नागपूर विमान : तिकिटावर पावणेदोन तास, माझ्या घड्याळात पावणेपाच

माझं माहेर नागपूरला धरमपेठेत. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फेब्रुवारीत जायचं होतं, तेव्हा पहिल्यांदाच नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानाने गेले. एरवी आमची विदर्भ एक्सप्रेस ठरलेली. रेल्वेने साधारण ६५० किलोमीटर, साडेदहा-अकरा तास. दादा समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन येतो, त्याला शिर्डीला चढलं की पुढे ५२० किलोमीटर सरळ रस्ता, पण तरी सात-आठ तास जातातच.

हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर. विमान छोटं, पंख्यांचं एटीआर. जेटएवढा वेग नाही, म्हणून एवढ्याशा अंतराला तिकिटावर पावणेदोन तास लिहितात. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत मी मोजलं : १ तास १८ मिनिटं. बाकीचा वेळ धावपट्टीकडे जाण्या-येण्याचा.

आता खरा हिशोब. इंदिरानगरहून निघाले, द्वारका चौकात अडकले, दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळेपर्यंत ५० मिनिटं गेली. विमानतळावर १ तास २० मिनिटं. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत १ तास ४० मिनिटं. नागपूरला सामान यायला २० आणि सोनेगाव विमानतळाहून घरी ३०. एकूण ४ तास ४० मिनिटं. सकाळी घरचा चहा घेऊन निघालेली मी दुपारी आईच्या पानावर जेवायला होते. डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या आईसाठी या वाचलेल्या तासांची किंमत मला फार वाटते.

सोडायला सासरे आले होते. ते एचएएलमध्ये, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात, मिग लढाऊ विमानांच्या जोडणीवर होते, ओझरची धावपट्टी त्यांना पाठ. "इतकी वर्षं इथून दुसऱ्यांची विमानं उडवली, आज घरचं माणूस चाललंय," म्हणाले, आणि मी आत जाईपर्यंत गेटबाहेर उभे राहिले. टर्मिनल स्वच्छ आहे, रांगा लहान. धावपट्टीचे फोटो मात्र काढू देत नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा.

एटीआरमध्ये मागच्या दारानेच चढायचं-उतरायचं असतं, तेव्हा मागची सीट घेतलीत तर सगळ्यात आधी बाहेर पडाल. जाताना डावीकडची खिडकी घ्या. पंख वर असल्याने खालचं काही झाकत नाही. चांदवडचे डोंगर आणि द्राक्षबागांच्या रांगा अगदी फणीने विंचरल्यासारख्या दिसतात.

तक्रारी दोन. परतीला ओझरला अ‍ॅपवरच्या टॅक्सीवाल्यांनी दोनदा फेरी रद्द केली, ३५ मिनिटं उन्हात सामानापाशी उभी होते. शेवटी घरून गाडी बोलवावी लागली. शहरात जायची सोय आधीच ठरवून ठेवा, तिथे उतरल्यावर शोधू नका.

दुसरी द्राक्षांची. पिंपळगावहून आणलेली पाच किलोची पेटी सुतळीने घट्ट बांधून सामानात दिली, काउंटरवरच्या मुलीने 'नाजूक' असं लेबलही लावलं. नागपूरला पट्ट्यावर पेटी आली ती एका कोपऱ्यातून रस गळत. तीन घड चेपले होते, मणी सुटून तळाशी गोळा झालेले. आईने तेच आधी धुऊन घेतले, चांगले घड शेजारी वाटायला ठेवले. हातातल्या सामानाला सात किलोची मुभा आहे. पुढच्या खेपेला पेटी मांडीशी घेऊन जाणार.